डोंगराला गौण म्हणू नका

सरकारदरबारी आमच्या डोंगराला एकच नाव आहे : गौण खनिज. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याने इमारतीचा दगड, खडी, साधी चिकणमाती, साधी वाळू यांना हे नाव दिले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपवला. लोखंड, बॉक्साइट ही प्रमुख खनिजे, आमचा काळा पाषाण गौण. कायदा लिहिणाऱ्यांना नुसती वर्गवारी करायची होती, हे आम्हाला समजते. पण हा शब्द फाइलीत राहिला नाही. तो तलाठ्याच्या, ठेकेदाराच्या, सरपंचाच्या आणि शेवटी आमच्याही तोंडी आला. जे गौण, त्याच्यासाठी कोण भांडणार, ही समजूतही त्याच्याबरोबर आली.

आम्ही कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली माणसे. भातशेती करणारी, ठाकूर आणि कातकरी वाड्यांतली, नेरळ-कर्जतहून रोज लोकलने मुंबई गाठणारी, शाळेत शिकवणारी. आमच्यात डंपर चालवणारे आहेत, क्रशरवर हजेरी भरलेले आहेत, लेकीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी जमीन विकलेलेही आहेत. ज्यांनी उतार विकला त्यांना वगळून डोंगर राखता येणार नाही, म्हणून त्यांच्यासकट आम्ही बसलो. आमची अजून नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत, नावही घेतलेले नाही. हा जाहीरनामा मात्र आहे. त्याची सुरुवात आम्ही शब्दांपासून करतो, कारण आमचा डोंगर आधी शब्दांत सपाट झाला आणि मग पोकलेनने.

डोंगर म्हणजे काय, ते आधी सांगतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यातून सह्याद्री झाला. पावसाळ्यात ढाकच्या, राजमाचीच्या किंवा माथेरानच्या कड्याकडे नीट पाहिले तर पायऱ्या दिसतात. त्या लाव्ह्याच्या थरांच्या पायऱ्या. काही थर सलग आणि कठीण, त्यांना उभ्या भेगा. काही सच्छिद्र, झिजून मऊ झालेले. मध्येच कुठे कुठे तांबड्या मातीचा घट्ट पट्टा, जो पाण्याला सहजी खाली जाऊ देत नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्यातला बराचसा धो धो वाहून जातो. थोडा माथ्यावरच्या मातीत मुरतो, मुरुमातून, भेगांतून हळूहळू खाली उतरतो, त्या घट्ट पट्ट्यावर अडतो आणि आडवा सरकत उतारावर बाहेर येतो. तो आमचा झरा. त्याच्याखाली ओहळाच्या पात्रात बाया डवरा खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. वाडी कुठे वसावी हे त्या झऱ्याने ठरवलेले असते.

आता खाण लागते तेव्हा काय होते ते पाहा. सगळ्यात आधी वरची माती आणि मुरूम खरवडून काढतात. खाणीच्या कागदांत त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, म्हणजे दगडावरचे ओझे. त्या ओझ्यात शेवळाचे, म्हणजे आमच्या रानभाजीचे कंद असतात. पहिला पाऊस पडला की आमच्या बाया तेच शेवळ, मग भारंगी, मग कंटोळी घेऊन स्टेशनाबाहेर बसतात, आणि त्या पैशांतून शाळेच्या वह्या येतात. पाणी धरून ठेवणारा स्पंजही हेच ओझे. ओझे उतरले की सुरुंग. हादऱ्याने भेगा सरकतात आणि पाण्याची वाट बदलते. मग उतार सरळ उभा कापला जातो आणि जी वाट उरली होती तीही तुटते. ऑक्टोबरात खाणीच्या उभ्या भिंतीवर जी ओल ओघळताना दिसते, ते कुठल्या तरी वाडीचे मे महिन्याचे पाणी असते. एप्रिल लागला की त्याच वाडीकडे टँकर निघतो, आणि कागदावर त्या टँकरला नाव पडते टंचाई. जणू पाऊसच पडला नव्हता.

दगडाचा हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरांपेक्षा जरासे जास्त. एक हेक्टर उतार दहा मीटर खोल कापला तर एक लाख घनमीटर दगड निघतो, म्हणजे सुमारे ३५,३०० ब्रास. २०२१ पासून राज्यात ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन आहे. म्हणजे त्या हेक्टरभर डोंगराचे सरकारजमा झाले दोन कोटी बारा लाख. एका हायवा डंपरात पाच ब्रास धरले तर गावच्या रस्त्यावरून सात हजारांहून अधिक भरल्या फेऱ्या गेल्या, आणि तितक्याच रिकाम्या आल्या. हे सगळे परवान्यातले, चोख नोंदीतले. या दोन कोटींत झरा धरलेला नाही. वाल धरलेला नाही. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर आम्ही वाल टाकतो, त्यावर थंडीभर क्रशरची पूड बसते. शेंगा धुऊन मडक्यात भरल्या तरी पोपटीत ती दाताखाली येते. आंब्याच्या मोहोरावर ती बसली तर धुताही येत नाही. भिंतींना गेलेले तडे धरलेले नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरुंग लावणारी खाण वस्तीपासून किमान २०० मीटर आणि सुरुंग न लावणारी १०० मीटर दूर असावी असा निकष सांगितला आहे. हे अंतर कुठल्या घरापासून मोजायचे, हा प्रश्न वाडीत येऊन कोणी विचारत नाही. तड्यांचा पंचनामा झालाच तर कारण लिहिले जाते : घर जुने आहे.

दुसरा शब्द सपाटीकरण. हा खाणीच्या खात्यात येतही नाही. मुंबई-पुण्याच्या लोकांना डोंगर दिसेल असे फार्महाऊस हवे असते, म्हणून डोंगराचा पाय कापून प्लॉट पाडतात. वर कठडा, मध्ये पोहण्याचा तलाव, खाली काँक्रीटची भिंत. कापलेला मुरूम भरावाला जातो. उताराचा पाय कापला की त्याच्या अंगावरचा भार कशावर टेकणार, याचे उत्तर त्या भिंतीत नसते. भिंतीमागे पाणी तुंबले की ती भिंतही त्या भाराचाच भाग होते. कागदोपत्री मात्र जमीन फक्त सपाट झालेली असते.

आणि ही जमीन पड होती, असे म्हणतात. आमच्या भाषेत पड आणि वरकस हे दोन वेगळे शब्द आहेत. वरकस म्हणजे भातखाचराच्या वरचा उतार. तिथे नाचणी होते, वरई होते, मग तीन-चार वर्षे जमीन विसावते. तिथलेच गवत आणि पालापाचोळा आणून आम्ही भाताच्या रोपासाठी राब भाजतो. वरकस गेली की खालचे खाचर लंगडे होते. ज्या वर्षी ती विसावलेली असते त्याच वर्षी कोणी पाहणी करायला आले तर त्यांना पड दिसते. दळीचे, म्हणजे जंगलातल्या कसलेल्या तुकड्यांचेही तसेच. आमच्या ठाकूर-कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या दळीच्या जमिनी कागदात जंगलाच्या, हक्कात लोंबकळत्या आणि दलालाच्या तोंडी मोकळ्या.

मातीबद्दल तर कायदाच विलक्षण बोलतो. ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने बांध, रस्ते, रेल्वे, इमारतींच्या भरावासाठी वापरलेली साधी माती गौण खनिज ठरली. शेतात असते तोवर ती माती, ट्रकमध्ये चढून भरावाला निघाली की खनिज. आम्हाला हे उलटे वाटते. तिचे मोल ती जागेवर असतानाच असते.

इर्शाळवाडीबद्दल बोलल्याशिवाय या तालुक्यांत डोंगरावर काहीही लिहिता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरची ही ठाकूरवाडी दरडीखाली गेली. २७ जणांचे देह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ते डोंगरातच राहिले. आमच्यातले काही त्या रात्री आणि पुढचे दिवस चौक गावाहून ती चिखलाची वाट चढून गेले होते. तिथे यंत्र चढत नव्हते. हातांनी माती उपसली. एक गोष्ट आम्ही स्पष्ट लिहितो : इर्शाळवाडी खाणीमुळे कोसळली असे आमचे म्हणणे नाही. तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या मेलेल्या माणसांचा पुरावा म्हणून खोटा वापर आम्ही करणार नाही, दुसऱ्या कोणाला करू देणार नाही. आम्हाला बोचते ते वेगळे. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. म्हणजे कोणत्याही यंत्राने हात न लावलेला उतारही इथे कधी सुटेल हे यादी करणाऱ्यांना कळले नव्हते. मग ज्या उतारांचे पाय आपण रोज कापतो आहोत, ते धरून राहतील याची हमी कोण आणि कशाच्या आधारावर देतो? २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. दरवेळी दरड कोसळल्यावर यादी होते. आम्हाला यादी आधी हवी आहे, आणि ती करताना उतारावर राहणाऱ्यांना विचारलेले हवे आहे. घरामागे नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाड कलले, हे आधी त्यांना दिसते.

दगड लागतो, हे आम्हाला मान्य आहे. आमच्याही घराच्या जोत्यात तो आहे, शाळेच्या भिंतीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये हिशेब मांडला की जग वर्षाला ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरते. त्यातला आमचा वाटा किती आणि आमच्यातून गेलेला किती, हा प्रश्न आहे. १९१५ मध्ये खोपोलीची आणि १९२२ मध्ये भिवपुरीची वीज मुंबईला गेली, वाड्यांत दिवे फार उशिरा आले. इर्शाळगडाच्या पायथ्याचे मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवते. त्या शहराच्या विमानतळासाठी शेजारच्या पनवेल तालुक्यात उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, ते तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. पनवेल-कर्जत रेल्वे, द्रुतगती मार्ग, नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे, म्हणजे नैनाचे आराखडे, गोदामे, टॉवर, सगळ्यांना खडी हवी. रेल्वे आम्हालाही हवी आहे. पण देणाऱ्या गावाला द्यायचे की नाही, किती द्यायचे आणि कुठून द्यायचे, हे ठरवण्याचा हक्क हवा. हक्कासाठी लढणे या डोंगराला नवे नाही. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल माथेरानचे. ते आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले, ते याच रानातल्या लोकांच्या साथीने लढताना. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले होते. आम्ही काही पाडणार नाही. आमच्या हातात वही आणि टेप असेल, आणि आमच्यातल्या कोणी यंत्राला किंवा चालकाला हात लावला तर तो आमचा नाही.

कायदे नाहीत असे नाही. माथेरानभोवती ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने २१४.७३ चौरस किलोमीटरचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र झाले. त्यात खाणकामाला बंदी आहे, स्थानिक घरे आणि रस्ते यांच्यापुरती तेवढी सवलत. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात सांगितले की गौण खनिजाचा पट्टा पाच हेक्टरांहून लहान असला तरी पर्यावरण मंजुरी लागेलच. तोवर मोठी खाण छोट्या छोट्या तुकड्यांत मागून मंजुरीतून सुटायची वाट मोकळी होती. २०२० मध्ये रस्ते-रेल्वेसाठी माती काढायला केंद्राने मंजुरीतून सूट दिली, ती २१ मार्च २०२४ ला न्यायालयाने रद्द केली. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे मात्र अजून मसुद्यांवर मसुदेच निघत आहेत. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये दुसरा. २०१४ पासून अधिसूचनेचा मसुदा निघतो, मुदत संपते, पुन्हा निघतो. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, इर्शाळवाडीला वर्ष उलटल्यावर आणि वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्याच दिवशी. गाडगीळांच्या अहवालातले जे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते एवढेच, की निर्णय ग्रामसभेपासून सुरू व्हावा. नेमके तेच पुढे पुसट होत गेले.

आणि इथेच आमच्या तालुक्यांवर एक अन्याय आहे, ज्याची वाच्यता फारशी होत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. भीमाशंकरच्या पलीकडे आंबेगाव तालुक्यातली गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. अलीकडे उतरलात की कर्जतची एकही वाडी नाही. रायगड जिल्हाच त्या यादीत नाही. तोच डोंगर, तेच ठाकूर, तेच महादेव कोळी, आणि कड्याच्या एका बाजूला ग्रामसभेला विचारायचे, दुसऱ्या बाजूला कळवायचेही नाही. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये एकामागून एक नकार दिला आणि बॉक्साइटची खाण थांबली. त्यांचा डोंगर प्रमुख खनिजाचा होता. गौण खनिजाच्या डोंगराला नकार देण्याचा अधिकार आम्ही मागतो आहोत.

तेव्हा आमची पहिली मागणी ही : कर्जत-खालापूरमध्ये ग्रामसभेच्या पूर्वसंमतीवाचून एकही नवा खाणपट्टा, अल्पमुदतीचा परवाना किंवा डोंगरउताराच्या सपाटीकरणाची परवानगी देऊ नये. ग्रामसभा म्हणजे वाडीची ग्रामसभा. दहा वाड्यांच्या ग्रामपंचायतीत मुख्य गावाने हात वर करायचा आणि खाण टोकाच्या वाडीवर लागायची, हे आम्ही संमती मानणार नाही. पेसा आम्हाला लागू नसला तरी २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे, आणि सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभेला आपले जंगल व पाणलोट राखण्याचा अधिकार त्याच्या पाचव्या कलमाने दिला आहे. ज्या वाड्यांनी अजून दावे दाखल केलेले नाहीत त्यांचे दावे भरणे हे आमचे या वर्षीचे सर्वांत मोठे काम राहील, मोर्चांपेक्षाही मोठे.

चालू खाणींच्या तोंडाशी मराठीत फलक हवा : गट नंबर, क्षेत्र, किती खोल जायची मुभा, किती ब्रास, मुदत कधी संपते. त्या फलकाशेजारी उभे राहून शाळेतल्या पोरालाही मोजता आले पाहिजे. दगड काढताना पायऱ्या सोडून काढावा, उभा कडा ठेवू नये. काम संपल्यावर खड्ड्याला कुंपण आणि काठावर मातीचा थर परत. सिंधुदुर्गात कळण्याच्या खाणीत तुंबलेले पाणी जुलै २०२१ मध्ये बांध फोडून शेतांत आणि घरांत शिरले होते. आमच्या सोडून दिलेल्या खड्ड्यांत तर दर पावसाळ्यात पोरे पोहायला जातात. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा ज्या वाडीवर धूळ पडते तिच्यापर्यंत पोहोचला का, याचा हिशेब दर ग्रामसभेत वाचून दाखवावा.

खाणीत खपणाऱ्यांविरुद्ध आम्ही नाही. दगड फोडणारे वडार बांधव, परराज्यांतून आलेली कुटुंबे, क्रशरखाली नाकाला फडके बांधून उभे राहणारे आमचेच तरुण, ही सगळी त्याच धुळीत श्वास घेतात आणि त्यांची पोरे शाळेबाहेर राहतात. पुण्याजवळ वाघोलीला ‘संतुलन’ संस्थेने खाणीतल्या मुलांसाठी पाषाणशाळा काढल्या. आमच्या दोन तालुक्यांत खाण चालू आहे तोवर तशी सोय झालीच पाहिजे. आणि खाण बंद पडेल तेव्हा हजेरी कुठून येणार, याचे उत्तर आम्ही शोधल्याशिवाय ती बंद करा म्हणणार नाही. बांधबंदिस्ती, झऱ्यांची दुरुस्ती, वरकसवर झाडे, ही कामे रोजगार हमीतून निघू शकतात. ती मागायला आम्ही त्या मजुरांना बरोबर घेऊन जाऊ.

आमच्यावरही बंधन आहे. या जाहीरनाम्यावर सही करणारा स्वतःच्या वरकसमधला मुरूम विकणार नाही. घर बांधताना जोते उताराला धरून घेईल, उतार जोत्यासाठी कापणार नाही. जमीन विकायची वेळ आलीच तर आधी वाडीत सांगेल. आणि अर्जात, ठरावात, भाषणात पड, सपाटीकरण, गौण हे शब्द कायद्याचा उल्लेख सोडून वापरणार नाही. आमच्या ठरावांत वरकस, दळी, झरा, डवरा, ओहळ आणि डोंगराचे कुठले अंग ते नावानिशी लिहिले जाईल. ज्याला गट नंबर आहे पण नाव नाही, ते विकायला सोपे जाते.

म्हणून पहिले काम झऱ्यांची वही. येत्या वैशाखात, पाणी सर्वांत कमी असते तेव्हा, आम्ही इर्शाळपासून ढाकपर्यंत प्रत्येक वाडीचा झरा चालत जाऊन पाहणार आहोत. त्याचे नाव, तो डोंगराच्या कुठल्या थरातून निघतो, एक हंडा भरायला किती वेळ लागतो, पूर्वी किती लागायचा, वरच्या अंगाला कुठे कापले आहे, हे लिहिणार आहोत. एक प्रत वाडीत, एक ग्रामपंचायतीत, एक तहसीलदारांना. परवान्याचा अर्ज येईल तेव्हा ही वही समोर असेल. लिहायला-वाचायला येणारी पोरे आमच्याकडे आहेत, टेप आहे, घड्याळ आहे. येताना तुम्ही फक्त आपल्या वाडीतले ते म्हातारे माणूस घेऊन या, ज्याला सगळे पाणवठे ठाऊक आहेत. त्याला चढवत नसेल तर आजाऱ्याला उतरवायची डोली प्रत्येक वाडीत असतेच. या वेळी तिच्यात त्याला बसवून आपण वर नेऊ.